पहिलेपणाचा वारसा : मुंबईचे महापौर पी. टी. बोराळे (१९५९-६०) आणि नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांतील दलित नेतृत्व

प्रस्तावना

अमेरिकेतील ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहराने ७ नोव्हेंबर १९६७ रोजी कार्ल स्टोक्स यांना महापौरपदी निवडून दिले. गुलामगिरीत जन्मलेल्या पूर्वजांचा हा वंशज अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहराचा पहिला कृष्णवर्णीय महापौर ठरला. या घटनेवर अमेरिकेत विपुल लेखन झाले असून स्टोक्स यांच्या कारकिर्दीचा वारसा कोणता, या प्रश्नाची चर्चा आजही तेथील इतिहासकार करतात. या घटनेच्या आठ वर्षे आधी, १९५९ मध्ये, मुंबई महानगरपालिकेच्या महापौरपदी पी. टी. बोराळे यांची निवड झाली होती. शतकानुशतके अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील व्यक्तीने या देशातील अग्रगण्य शहराचे प्रथम नागरिकत्व भूषविण्याचा मुंबईतील हा पहिलाच प्रसंग होय. तथापि महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासलेखनात या घटनेला क्वचितच एखाद्या ओळीपेक्षा अधिक जागा मिळालेली दिसते.

एक घटना इतिहासाचा विषय व्हावी आणि दुसरी विस्मरणात जावी, याचे कारण केवळ इतिहासकारांची उदासीनता हे नाही. दोन्ही पदांचे नाव एक असले तरी त्या पदांमागील सत्तेचे स्वरूप भिन्न होते. प्रस्तुत लेखात या भिन्नतेच्या आधारे बोराळे यांच्या महापौरपदाचा अर्थ तपासला असून, त्याचा संबंध बारामती व इंदापूर यांसारख्या नगरपरिषदांतील आजच्या राखीव पदांशी जोडून पाहिला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मुंबईतील पहिल्या दलित महापौरांच्या निवडीची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) अमेरिकन शहरांतील महापौरपद व मुंबईचे महापौरपद यांतील अधिकारांचा तुलनात्मक विचार करणे.
३) ७४ व्या घटनादुरुस्तीनंतरच्या राखीव पदांच्या संदर्भात या घटनेचा वारसा निश्चित करणे.

नगरपालिका आणि सामाजिक समतेचा प्रश्न

नागरी संस्था व सामाजिक समता यांचा संबंध महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून दिसून येतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. पुढे १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त सजावटीवर एक हजार रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावास त्यांनी विरोध केला आणि ती रक्कम गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावी असा आग्रह धरला. पाणी, शिक्षण आणि सार्वजनिक पैशाचा विनियोग हे तीनही विषय नगरपालिकेच्या कक्षेत येतात. समतेचा प्रश्न नगरपालिकेच्या दैनंदिन कारभारात गुंतलेला आहे, ही जाणीव फुले यांच्या भूमिकेतून व्यक्त होते.

महाडच्या घटनेने ही बाब अधिक स्पष्ट केली. सी. के. बोले यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह झाला, तेव्हाच त्या पाण्याला अस्पृश्यांचा हात लागला. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव रद्द केला. ज्या सभागृहात आपले सदस्य पुरेशा संख्येने नाहीत, त्या सभागृहाने दिलेला हक्क तेच सभागृह परत घेऊ शकते, हा महाडचा धडा होता. त्यामुळे स्थानिक संस्थांतील प्रतिनिधित्वाची मागणी ही केवळ मानाची मागणी नव्हती. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा येथे झालेल्या पुणे करारातही स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत अस्पृश्य वर्गास योग्य प्रतिनिधित्व मिळावे यासाठी प्रयत्न करण्याचे कलम समाविष्ट होते.

मुंबईचे महापौरपद : मानाची परंपरा आणि अपवाद

मुंबई महानगरपालिकेच्या अध्यक्षपदास ‘महापौर’ हे नामाभिधान १९३१ मध्ये प्राप्त झाले. पहिले महापौर जे. बी. बोमन-बेहराम हे पारशी समाजातील होते. मुंबईसारख्या बहुधर्मीय शहरात हे पद निरनिराळ्या समाजांकडे जावे, असा प्रघात त्या काळी होता. त्यानुसार हिंदू, मुस्लिम, पारशी, ख्रिस्ती व ज्यू या सर्व समाजांतील व्यक्तींनी स्वातंत्र्यापूर्वीच हे पद भूषविले. १९३७-३८ मध्ये एलिजा मोझेस, १९४२ मध्ये युसुफ मेहेरअली आणि १९४३ मध्ये मिनू मसानी हे महापौर होते. या उदार परंपरेत एक समाज मात्र दीर्घकाळ गणला गेला नाही. शहराचे रस्ते झाडणारा, गटारे साफ करणारा आणि गिरण्यांत राबणारा अस्पृश्य समाज मुंबईच्या लोकसंख्येचा लक्षणीय भाग होता. परंतु महापौरपदाच्या प्रघातात त्याला पाळी नव्हती. ज्या गिरण्यांवर शहराचे वैभव उभे होते, त्या गिरण्यांच्या विणकाम खात्यातही अस्पृश्य कामगारांना प्रवेश नाकारला जात असे. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, या कारणास्तव इतर कामगार त्यांचा स्पर्श वर्ज्य मानत. बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगारांची संघटना उभारली ती याच पार्श्वभूमीवर.

येथे मद्रासचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथे जे. शिवषण्मुगम पिल्लै हे १९३७ मध्ये अस्पृश्य समाजातील पहिले महापौर झाले. १९४५-४६ मध्ये एन. शिवराज हे त्या शहराचे महापौर होते. शिवराज हे त्याच वेळी अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे अध्यक्ष होते आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचेही ते पहिले अध्यक्ष झाले. म्हणजेच आंबेडकरी चळवळीचा कार्यक्षेत्र असलेल्या मुंबईपेक्षा मद्रास या बाबतीत दोन दशके पुढे होते. मुंबईत हा पल्ला गाठण्यासाठी एका वेगळ्या प्रकारची राजकीय उलथापालथ आवश्यक ठरली.

संयुक्त महाराष्ट्र समिती आणि १९५९ ची निवड

ही उलथापालथ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने घडवून आणली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे परस्परभिन्न विचारांचे पक्ष समितीत एकत्र आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेचा ऐतिहासिक सोहळा झाला आणि ६ डिसेंबर रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नेत्याच्या निधनानंतर अवघ्या काही महिन्यांत, १९५७ च्या निवडणुकांत, फेडरेशनचे कार्यकर्ते समितीच्या व्यासपीठावरून मतदारांसमोर गेले. दादासाहेब गायकवाड लोकसभेवर निवडून आले. मुंबई महानगरपालिकेतही समितीने काँग्रेसचे दीर्घकालीन वर्चस्व संपुष्टात आणले.

त्यानंतरच्या महापौरांचा क्रम सूचक आहे. १९५७ मध्ये आचार्य मो. वा. दोंदे, १९५८ मध्ये मीरत कटाच्या खटल्यातील एक आरोपी राहिलेले कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर आणि १९५९ मध्ये फेडरेशन-रिपब्लिकन परंपरेतील पी. टी. बोराळे यांची या पदावर निवड झाली. एक शिक्षणतज्ज्ञ, एक कामगार नेता आणि एक दलित प्रतिनिधी अशा तीन व्यक्ती लागोपाठ तीन वर्षे मुंबईच्या प्रथम नागरिक झाल्या. भाषिक राज्याच्या मागणीसाठी एकवटलेल्या आघाडीने आपल्या घटक पक्षांना दिलेली ही राजकीय मान्यता होती.

ही निवड आरक्षणातून झालेली नव्हती, हे येथे विशेषत्वाने नमूद केले पाहिजे. महापौरपदासाठी त्या काळी आरक्षणाची तरतूदच अस्तित्वात नव्हती. एवढेच नव्हे, तर धम्मदीक्षा घेतलेल्या नवबौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नव्हत्या. महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर आपल्या अखत्यारीतील सवलती त्यांना लागू केल्या, तर केंद्र सरकारने त्यासाठी १९९० पर्यंतचा काळ घेतला. अशा स्थितीत १९५९ ची निवड ही सभागृहातील अन्य पक्षांच्या सदस्यांनी स्वेच्छेने दिलेल्या मतांवर झाली. हेच तिचे नैतिक बळ होते. परंतु ती आघाडीच्या गणितावर अवलंबून होती, ही तिची मर्यादाही होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, समितीचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले आणि आघाडी विस्कटत गेली. ज्या शिडीवरून एक समाज त्या पदापर्यंत पोहोचला, ती शिडीच पुढे उरली नाही. १९९२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे चंद्रकांत हंडोरे मुंबईचे महापौर झाले, तेव्हा बोराळे यांच्या निवडीस तेहतीस वर्षे लोटली होती.

पद आणि अधिकार : क्लीव्हलंड, शिकागो व मुंबई

स्टोक्स यांची निवड शहरातील मतदारांनी थेट केली होती. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने देशभर निर्माण झालेली जागृती, क्लीव्हलंडच्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक असलेला कृष्णवर्णीय समाज आणि काही प्रमाणात मिळालेली श्वेतवर्णीय मते यांच्या आधारे ते अत्यल्प मताधिक्याने विजयी झाले. पदावर आल्यानंतर खातेप्रमुखांची नेमणूक, अंदाजपत्रकाची मांडणी आणि पोलीस दलावरील नियंत्रण हे अधिकार त्यांच्या हाती आले. शहराच्या नोकऱ्या कृष्णवर्णीयांना खुल्या करणे, गरिबांसाठी घरे बांधणे आणि शहराच्या प्राप्तिकरात वाढ करणे ही कामे त्यांनी केली. १९६९ मध्ये कायहोगा नदीवरील तेलकट कचऱ्याने पेट घेतला, त्या वेळी त्यांनी वृत्तपत्र प्रतिनिधींना नदीकाठी नेऊन प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रासमोर मांडला. त्यांच्या अपयशांचीही नोंद आहे. पोलिसांशी त्यांचे संबंध बिघडले, १९६८ च्या ग्लेनव्हिल येथील गोळीबारानंतर त्यांच्यावर टीका झाली आणि १९७१ मध्ये त्यांनी पुन्हा निवडणूक लढविली नाही.

शिकागोचे हेरॉल्ड वॉशिंग्टन १९८३ मध्ये निवडून आले. पन्नास सदस्यांच्या परिषदेतील एकोणतीस सदस्यांनी त्यांच्याविरुद्ध गट बांधला आणि पहिली तीन वर्षे त्यांच्या नेमणुका व योजना अडवून धरल्या. १९८६ च्या विशेष निवडणुकांनंतर बलाबल समसमान झाले, पण १९८७ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. हा संघर्ष एवढा तीव्र झाला, याचे कारण त्या पदाकडे अडविण्याजोगी सत्ता होती.

मुंबईची रचना यापेक्षा मूलतः वेगळी आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. आर्थिक नियंत्रणात स्थायी समितीचा वाटा मोठा असतो. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवितात, सभा बोलावितात आणि शहराच्या वतीने पाहुण्यांचे स्वागत करतात. शिवाय १९५९ मध्ये महापौरपदाचा कालावधी अवघ्या एका वर्षाचा होता. वसाहतकालीन शासनाने लोकप्रतिनिधींना सन्मान दिला आणि कारभार आपल्या अधिकाऱ्यांकडे ठेवला. स्वातंत्र्यानंतरही ही विभागणी मोडली गेली नाही. १९९८ मध्ये ‘महापौर परिषद’ पद्धतीचा झालेला प्रयोगही अल्पजीवी ठरला.

म्हणून बोराळे यांनी एका वर्षात काय केले, असा प्रश्न स्टोक्स यांच्या मापाने विचारणे अन्यायकारक ठरेल. त्या पदाकडून जे होऊ शकत होते, ते म्हणजे दृश्यता. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्या समाजातील व्यक्ती महापौरांच्या आसनावर बसते आणि सर्व जातिधर्मांचे सदस्य तिच्या अनुमतीने बोलण्यास उभे राहतात, हे दृश्य क्षुल्लक नव्हते. परंतु दृश्यातून सफाई कामगारांचे वेतन वाढत नाही, की चाळींत पाण्याचे नळ येत नाहीत. या दोन्ही बाबी एकाच वेळी खऱ्या आहेत.

बोराळे यांनी पुढे १९६८ मध्ये ‘सेग्रिगेशन अँड डीसेग्रिगेशन इन इंडिया’ हा सामाजिक व कायदेविषयक अभ्यासग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. शीर्षकातील शब्द अमेरिकन वंशभेदाच्या चर्चेतून आलेले आहेत. भारतीय अस्पृश्यतेचा विचार त्या शब्दांत मांडणे, ही फुले यांच्या अर्पणपत्रिकेपासून आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांच्याशी केलेल्या पत्रव्यवहारापासून चालत आलेल्या परंपरेची पुढची पायरी होय. या ग्रंथानंतर चार वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तिचे नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. कायद्याची भाषा आणि रस्त्यावरील बंडाची भाषा या दोन्हींना अमेरिकेतील लढ्याचा आधार घ्यावासा वाटला, ही बाब लक्षणीय आहे.

७४ वी घटनादुरुस्ती आणि बारामती-इंदापूर

बोराळे यांच्या निवडीतील आघाडीच्या मेहेरबानीचा भाग १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने दूर केला. अनुच्छेद २४३-न नुसार नागरी संस्थांत अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. अध्यक्षपदांच्या आरक्षणासाठी राज्यांनी कायदा करावा, अशी तरतूद झाली. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचे प्रमाण निम्म्यावर नेले. या तरतुदींमुळे २०१४ मध्ये मुंबईचे महापौरपद अनुसूचित जातीसाठी राखीव असताना स्नेहल आंबेकर यांची त्या पदावर निवड झाली. १९५९ मध्ये जो अपवाद होता, तो आता नियमाचा भाग झाला.

या नियमाचा खरा विस्तार मात्र लहान शहरांत झाला. बारामती आणि इंदापूर येथील नगरपालिका १८६५ च्या सुमारास, म्हणजे मुंबईच्या नगरप्रशासनाची आधुनिक घडी बसत असतानाच, स्थापन झाल्या. नीरेच्या कालव्यामुळे ऊसशेती, सहकारी साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था यांचा विकास या परिसरात झाला. सत्तेची केंद्रे मुख्यतः सहकार व शेतीच्या मालकीभोवती उभी राहिली. जमिनीची मालकी नसलेल्या समाजघटकांना त्या केंद्रांत सहजासहजी प्रवेश नव्हता. अशा प्रदेशात नगरपरिषदेचे सभागृह हे तुलनेने खुले व्यासपीठ ठरते, कारण तेथे प्रवेशासाठी जमीन अथवा भागभांडवल लागत नाही, मत लागते. २०१६ मध्ये बारामतीत पौर्णिमा तावरे आणि इंदापुरात अंकिता शहा या थेट मतदानाने नगराध्यक्ष झाल्या. थेट निवडणुकीमुळे नगराध्यक्षास सदस्यांच्या गटबाजीपासून काहीसे संरक्षण मिळते. या बाबतीत आजचे नगराध्यक्षपद बोराळे यांच्या पदापेक्षा स्टोक्स यांच्या पदाला अधिक जवळचे आहे.

तरीही जुन्या मर्यादा नव्या रूपात कायम आहेत. प्रभागांचे व अध्यक्षपदाचे आरक्षण फिरते असून सोडतीने ठरते. राखीव प्रभागातून निवडून आलेल्या सदस्यास पाच वर्षांत कामकाजाची माहिती होते, तोवर तो प्रभाग खुला होतो आणि पक्ष त्यास पुन्हा उमेदवारी देतोच असे नाही. परिणामी अंदाजपत्रक व निविदा यांचे ज्ञान असलेले दलित नेतृत्व सलगपणे घडत नाही. मुख्याधिकारी हे राज्य शासनाचे अधिकारी असल्याने कारभाराची सूत्रे बव्हंशी त्यांच्याकडे राहतात. २०२२ ते २०२५ या काळात तर निवडणुका लांबल्यामुळे राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांवर प्रशासक होते. राखीव असो वा खुले, पदच रिक्त असेल तर प्रतिनिधित्वाची घटनात्मक हमी निष्प्रभ होते. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि हा खंड संपला.

नगरपरिषदेच्या इमारतीत ‘वारसा’ हा शब्द आणखी एका अर्थाने वापरला जातो. लाड व पागे समित्यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या निवृत्तीनंतर अथवा मृत्यूनंतर त्याच्या वारसास त्याच कामावर नेमणूक मिळते. कंत्राटी पद्धतीच्या काळात ही तरतूद त्या कुटुंबांसाठी मोठा आधार आहे आणि तिच्या अंमलबजावणीसाठी कामगार संघटना न्याय्यपणे झगडतात. परंतु वाल्मीकी व अन्य दलित कुटुंबांतील शिकलेल्या मुलामुलींच्या हाती पिढ्यानपिढ्या तोच झाडू देणारी व्यवस्थाही हीच आहे. एका बाजूस फिरत्या सोडतीने मिळणारी व पाच वर्षांनी जाणारी खुर्ची, तर दुसऱ्या बाजूस वारसाहक्काने मिळणारा व कधीही न जाणारा झाडू, अशी ही विसंगती आहे. पहिल्या दलित महापौरांच्या वारशाची कसोटी याच विसंगतीवर लागते.

निष्कर्ष

१) मुंबईतील पहिल्या दलित महापौरांची निवड अमेरिकेतील मोठ्या शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांच्या निवडीआधी आठ वर्षे झाली. ती आरक्षणातून नव्हे, तर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या आघाडीतून घडली.

२) आघाडीवर आधारलेले हे प्रतिनिधित्व आघाडी विस्कटल्यानंतर टिकू शकले नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने त्यास नियमाचे अधिष्ठान दिले.

३) क्लीव्हलंड व शिकागो येथील महापौरांचा वारसा नेमणुका, घरे व अंदाजपत्रके यांत मोजता येतो, कारण पदाकडे कार्यकारी सत्ता होती. मुंबईच्या महापौरपदाकडे ती नसल्याने बोराळे यांचा वारसा प्रामुख्याने प्रतीकात्मक राहिला. हा दोष व्यक्तीचा नसून रचनेचा आहे.

४) बारामती, इंदापूर यांसारख्या नगरपरिषदांत प्रतिनिधित्वाची हमी आहे, परंतु सातत्याची व पुरेशा अधिकारांची हमी नाही. राखीव जागेची मुदत किमान दोन कार्यकाळांची करणे, सदस्यांना अंदाजपत्रक व निविदाविषयक प्रशिक्षण देणे आणि सफाई कामगारांच्या सुशिक्षित वारसांना त्यांच्या पात्रतेनुसार अन्य पदांवर नेमणुकीचा मार्ग मोकळा करणे, हे उपाय विचारार्ह ठरतात.

१९५९ मध्ये एका सभागृहाने आपल्या अध्यक्षस्थानी कोणाला बसवावे, या प्रश्नाचे नवे उत्तर दिले. त्या अध्यक्षस्थानाकडे कोणते अधिकार असावेत, हा प्रश्न मात्र त्या वेळी विचारला गेला नाही. तो प्रश्न मुंबईइतकाच बारामती आणि इंदापूरच्या सभागृहांसमोरही आहे.